घोड्याला दाखला नको, नोंदवही हवी

दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारात घोडे पारखणारा माणूस आधी दात पाहतो. मग भोवरे मोजतो, उंची लावतो, कानांची टोके जुळतात का ते बघतो, रवाल (झपाट्याची, न हिसकणारी) चाल काढून दाखवायला सांगतो, एकेक पाय उचलून खूर तपासतो. ही पारख पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे आणि तिच्यात खरे शहाणपण आहे. या जनावराला गेल्या दोन महिन्यांत किती दिवस पळवले आणि मधे किती दिवस मोकळे सोडले, हा प्रश्न मात्र तिथे क्वचितच विचारला जातो. पुढे तोच घोडा एखाद्या जत्रेत घोडागाडीला जुंपला जातो किंवा लग्नसराईत वरातीला लागतो. कोणी आक्षेप घेतलाच, तर पशुवैद्यकाचा त्या दिवसाचा तंदुरुस्तीचा दाखला पुढे केला जातो. सोलापूर जिल्ह्यात घोड्यांच्या शर्यतींना आणि स्पर्धांना परवानगी देताना हा एका दिवसाचा दाखला प्रमाण मानणे थांबवावे आणि त्याऐवजी घोड्याची किमान सहा आठवड्यांची नोंदवही मागावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. अतिसरावाने खचलेला घोडा शर्यतीच्या सकाळी ओळखू येत नाही. त्याचे शरीरच ते झाकून ठेवते.

ते कसे झाकते, हे आधी नीट समजून घेऊ. गाडीला जुंपले, हलगी कानावर पडली, की घोडा पाऊल उचलण्याआधीच मूत्रपिंडाशेजारच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात उतरते. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४० पडणारे हृदयाचे ठोके भरधाव धावेत २२० च्या पुढे जातात. घोड्याची प्लीहा, म्हणजे पाणथरी, आकसते आणि साठवून ठेवलेल्या लाल पेशी रक्तात ओतते. एरवी रक्तात ३५ ते ४० टक्के असणारे लाल पेशींचे प्रमाण बघता बघता ६० टक्क्यांवर पोचते. माणसाला हे एवढ्या प्रमाणात साधत नाही. घोड्याच्या वेगाचे हे एक मोठे गुपित आहे. सोबत एन्डॉर्फिन वाढते आणि वेदना बोथट होते. इन्सुलिन खाली येते, ग्लुकागॉन वर जाते, यकृत साखर सोडू लागते. नाकपुड्या फुललेल्या, मान ताठ, डोळ्यात चमक. तपासणारा माणूस नेमक्या याच अवस्थेतल्या घोड्याकडे पाहून ‘तंदुरुस्त’ लिहितो.

याच वेळी दुसरी, संथ साखळी सुरू झालेली असते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युइटरीला निरोप धाडतो, पिट्युइटरी एसीटीएच हे हॉर्मोन सोडते आणि त्या इशाऱ्यावर अधिवृक्काच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल बाहेर पडते. ॲड्रिनलिन काही मिनिटांत ओसरते. कॉर्टिसॉल मात्र धाव संपल्यानंतर १५ ते ३० मिनिटांनी शिखर गाठते आणि खाली यायला दीड-दोन तास घेते. मेहनत जितकी लांबते, तितके ते अधिक चढते.

कॉर्टिसॉलला सरसकट खलनायक ठरवण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे. स्नायूंना इंधन पुरवणे, सूज आटोक्यात ठेवणे, रक्तातली साखर टिकवणे ही कामे ते करते; ते वाढले नाही तर घोडा लांबचा पल्ला गाठूच शकणार नाही. मुळात सराव म्हणजे हॉर्मोनांना दिलेले काम. पहिल्या दोन आठवड्यांतच अल्डोस्टेरॉन आणि व्हॅसोप्रेसिन मीठ-पाणी धरून ठेवू लागतात, रक्तद्रव वाढतो, घाम यायला आणि हृदयाला काम करायला सोपे जाते. पुढे स्नायू बदलतात, हाडे घट्ट होतात. पण हा सगळा लाभ धावेच्या वेळी होत नाही. धावेत मोडतोड होते आणि विश्रांतीत बांधकाम. बांधकाम पुरे व्हायच्या आत पुन्हा मोडतोड सुरू केली, की हिशेब उलटा होतो.

तो उलटा होताना टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात घोडा नुसता थकतो आणि दोन-तीन दिवसांत सावरतो. दुसऱ्यात आठवडाभर ढेपाळतो. आठवडा-दोन आठवडे काम कमी केले तर परत वर येतो, कधी पहिल्याहून चांगला पळतो. गफलत इथेच होते. घोडा मागे पडला, की मालकाला वाटते सराव कमी पडला, आणि तो फेऱ्या वाढवतो. मग तिसरा टप्पा येतो. त्यातून बाहेर यायला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. वजन उतरते, चंदी (दाण्याचा खुराक) उरते, अंगावरची चमक जाते, खरारा करताना घोडा कान मागे टाकतो, जुंपायला नेताना अडतो. याला ‘माजला’ म्हणून चाबूक उगारला जातो, हे पाहून जीव तुटतो, कारण ते जनावर आपल्या परीने सगळे सांगत असते.

कोणी म्हणेल, मग रक्त तपासा आणि कॉर्टिसॉल मोजा. इतके सोपे असते तर हा लेख लिहावा लागला नसता. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात स्टँडर्डब्रेड जातीच्या शर्यतीच्या घोड्यांवर ट्रेडमिलवर कित्येक महिने चाललेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिसराव झालेल्या घोड्यांचे वजन घटले होते, धाव लवकर संपत होती. त्यांचे विश्रांतीतले कॉर्टिसॉल मात्र इतरांसारखेच होते. फरक दिसला तो मेहनतीनंतर: इतर घोड्यांचे कॉर्टिसॉल जितके चढत होते, तितके यांचे चढत नव्हते. म्हणजे खचलेल्या घोड्याच्या रक्तात कॉर्टिसॉल भरमसाट सापडेल ही समजूतच उलटी आहे. हाकेला ओ देण्याची ताकद कमी झालेली असते, आणि ती ठरलेल्या मेहनतीनंतर, ठरलेल्या वेळी, त्याच घोड्याच्या आधीच्या आकड्याशी ताडूनच कळते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या अभ्यासांत सराव अती वाढवल्यावर ग्रोथ हॉर्मोनच्या लाटांची लय बिघडलेली दिसली. पण त्या लाटा पाहायच्या तर तासन्‌तास थोड्या थोड्या वेळाने रक्त घ्यावे लागते. माळशिरस किंवा सांगोल्याच्या तबेल्यात हे व्हायचे नाही.

एकदाच काढलेल्या रक्ताच्या नमुन्यात आणखीही फसगती आहेत. घोड्याचे कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असते. टेम्पोत घालून आणला, नव्या जागी बांधला, की ते आपोआप वाढते आणि ही रोजची लयही विस्कटते. घोडा बिथरलेला असताना रक्त घेतले, तर आकसलेल्या प्लीहेमुळे हिमोग्लोबिन भरपूर दिसते आणि खराखुरा रक्तक्षय लपून जातो. म्हणून रक्त घ्यायचे असेल तर घरच्या तबेल्यात, शांतपणे, कामाच्या आधी, दर वेळी एकाच वेळेला घ्यावे. जीजीटी, एएसटी, सीके ही यकृत आणि स्नायूंवरचा ताण दाखवणारी एन्झाइमे पाहण्यात अर्थ आहे, पण तीही एकदा पाहून निदान होत नाही. आणि अतिसराव हे निदान शेवटी करायचे असते. त्याआधी सर्रा (माश्यांमुळे पसरणारा, रक्तातल्या परजीवीचा रोग), जंत, दातांचे टोकदार कोपरे, पोटातले व्रण, दबलेला लंगडेपणा हे सगळे तपासून बाजूला सारावे लागते. सर्रामध्येही घोडा असाच वाळतो, आणि तिथे नुसती विश्रांती देत बसणे म्हणजे जनावर हातचे घालवणे.

मग उरते नोंदवही. तिला प्रयोगशाळा लागत नाही. एक स्टेथोस्कोप, एक थर्मामीटर, एक सुतळी आणि सुताराची टेप एवढे साहित्य पुरते. (शिंप्याची टेप १५० सेंटीमीटरलाच संपते, ती घोड्याला अपुरी पडते.)

रोज पहाटे, चंदी घालण्याआधी आणि घोडा शांत उभा असताना, डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून ३० सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. स्टेथोस्कोप नसेल तर जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणारी धमनी बोटांनी चाचपावी. त्या घोड्याची स्वतःची सरासरी दहा दिवसांत कळते. ती ३४ असेल आणि सलग तीन दिवस ४२ येत असेल, तर त्या दिवशी सराव नाही. गुदद्वारातले तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असावे. आठवड्यातून एकदा त्याच वारी, त्याच वेळी वजन काढावे: दंडामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये घ्यावी, घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १६०, लांबी १४० असेल तर वजन सुमारे ३०२ किलो येते. पुढे घेर १५६ वर आला, तर वजन सुमारे २८७ किलो. नजरेला चार सेंटीमीटर जाणवत नाहीत, पण १५ किलो, म्हणजे अंगाचा विसावा हिस्सा गेलेला असतो. त्याखाली त्या दिवशी काय काम केले, किती अंतर, कोणत्या वेगाने, किती चंदी उरली, लीद कशी होती, एवढ्या चार ओळी. लिहिता न येणारा मोतद्दार (घोडा सांभाळणारा) असेल, तर मोबाइलवर बोलून ठेवावे. पण रोज.

सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे सावरण्याचा वेळ. आठवड्यातून एकदा ठरावीक रस्त्यावर ठरावीक दुडकी चाल, समजा दोन किलोमीटर, आणि थांबल्यावर दहाव्या मिनिटाला ठोके. महिनाभर हा आकडा उतरत गेला तर सराव अंगी लागतो आहे. काम तेच असून तो चढू लागला तर घोडा खचत चालला आहे, मग तो रस्त्यावर कितीही जोमात दिसो. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय एन्ड्युरन्स स्पर्धांत टप्प्यावर आलेल्या घोड्याचे ठोके ठरलेल्या मिनिटांत ६४ पर्यंत उतरले नाहीत, तर तो बाद होतो. पहिला आलेलाही सुटत नाही. आपल्याकडे शर्यत संपली की गुलाल उधळतो आणि घोडा पुन्हा गर्दीत नाचवला जातो.

किती विश्रांती? इथे घोडा माणसासारखा नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. जोरदार मेहनतीने स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा रिकामा झाला, तर तो पूर्ण भरायला घोड्याला ४८ ते ७२ तास लागतात. माणूस भात खाऊन दुसऱ्या दिवशी उभा राहतो, घोड्याचे तसे होत नाही. ‘खुराक वाढवला आहे, काळजी नको’ हे म्हणूनच खोटे आश्वासन आहे. उलट एकदम जास्त धान्य घातले तर पोटशूळ आणि खुरांची जळजळ मागे लागते. भरधाव सराव आठवड्यातून दोनदा पुरे, त्यांत तीन दिवसांचे अंतर, आणि एक दिवस पूर्ण मोकळा. मोकळा म्हणजे दावणीला बांधलेला नव्हे, रानात सोडलेला.

खुराकाची गोष्ट निघाली आहे तर सोलापूरच्या दावणीबद्दल बोललेच पाहिजे. ज्वारीचा कडबा हा आपला आधार, आणि तो उत्तम चघळ आहे. मात्र त्यात प्रथिने आणि कॅल्शियम कमी. त्यावर गव्हाचा भुसा (म्हणजे कोंडा) भरपूर घातला, की फॉस्फरस वाढतो, कॅल्शियम अपुरे पडते, पॅराथायरॉइड ग्रंथी जोर करते आणि हाडांतले कॅल्शियम ओढून रक्तात आणते. जबडा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, घोडा कारणाशिवाय लंगडतो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाचे वाढे फुकटात मिळते म्हणून तेच घातले जाते. त्यातली ऑक्झलेटे आहे ते कॅल्शियमही बांधून टाकतात. हाही हॉर्मोनचाच बिघाड आहे, फक्त त्याची सुरुवात गव्हाणीत होते. लसूणघास द्यावा, भुसा मूठभर ठेवावा. आणि रिकाम्या पोटी पळवू नये: घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरते, धावताना ते उसळून वरच्या नाजूक अस्तराला लागते आणि व्रण होतात. कामाआधी अर्ध्या तासावर दोन मुठी कडबा-कुट्टी किंवा घास पोटात असावा.

मीठ ही दुसरी दुर्लक्षित गोष्ट. गरम हवेत जोराचे काम करणारा मोठा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम टाकतो आणि त्या घामात क्षार फार असतात, लिटरमागे ९-१० ग्रॅमच्या आसपास. नुसते पाणी पाजले की रक्त पातळ होते, तहान मरते, आणि शरीर सुकलेलेच राहते. अल्डोस्टेरॉन असलेले मीठ वाचवू शकते, नसलेले तयार करू शकत नाही. तीनशे किलोच्या घोड्याला एरवी रोज २५-३० ग्रॅम आणि घाम निथळलेल्या दिवशी त्याच्या दुप्पट मीठ चंदीतून द्यावे, शेजारी स्वच्छ पाणी कायम. गरम घोड्यावर गार पाणी ओतले तर स्नायू आखडतात, ही भीती सोडून द्यावी. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत यावर भरपूर काम झाले आणि सगळ्या अंगावर गार पाणी ओतत राहणे हाच ताप उतरवायचा वेगवान आणि सुरक्षित मार्ग ठरला.

आता कायद्याकडे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ मध्ये जनावराला ताकदीपलीकडे पळवणे, राबवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, पाच तासांपेक्षा सलग नाही, आणि ३७ अंशांच्या वर तापमान जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ काम नाही. हे नियम समंजस आहेत. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे जातो. तिथे हीच बंदी ११ ते ५ करावी आणि ती वरातीच्या व शर्यतीच्या घोड्यालाही लावावी. पण हे सारे नियम एका दिवसाचे तास मोजतात. आठ आठवडे साचलेला थकवा त्यांच्या हिशेबात येत नाही. राज्याची २०१७ ची दुरुस्ती, जी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरवली, ती बैलांच्या शर्यतीपुरती आहे. घोड्यासाठी जिल्ह्याने स्वतःच परवानगीच्या अटी घालाव्यात, आणि पन्नास रुपये दंडापेक्षा बक्षीस रोखण्याची अट कितीतरी परिणामकारक ठरेल.

वरातीच्या घोड्याचा प्रश्न वेगळा वाटतो, कारण तो पळत नाही. पण डीजेच्या भिंतीपुढे तास-दीड तास उभा राहणारा, फटाके झेलणारा, एका रात्री दोन वराती करणारा घोडा धावेशिवायच ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल उधळत असतो. त्याचीही वही हवी, आणि एका रात्री एकच वरात.

गरीब घोडेवाल्यावर हा बोजा कशाला, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. घोडा कसा राखावा हे भीमेच्या खोऱ्यात भीमथडी तट्टे सांभाळणाऱ्या धनगरांकडून आपण शिकावे. त्यांचा तांडा चालतो, थांबतो, चरतो. या मागण्यांचा रोख त्यांच्याकडे नाही. शर्यतीचा घोडा घेणारा माणूस स्टेथोस्कोपचा खर्च सहज पेलू शकतो. वही खोटी भरली जाईल, हा दुसरा आक्षेप. भरली जाईलच काही जणांकडून. म्हणूनच वहीच्या जोडीला मैदानावर सावरण्याची तपासणी हवी, कारण अर्ध्या तासानंतरचे ठोके कोणालाच खोटे भरता येत नाहीत.

औषधांनी मात्र तेही फसवता येतात, आणि इथे कोणतीही सवलत नसावी. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड टोचले की घोडा दोन दिवस ताजातवाना दिसतो. आत पिट्युइटरीला वाटते कॉर्टिसॉल भरपूर आहे आणि ती एसीटीएच आवरते. वारंवार दिल्यास अधिवृक्क सुस्तावते. आधीच ओ न देणाऱ्या ग्रंथीला आपण आणखी मुकी करतो, शिवाय खुरांच्या आजाराचा धोका वेगळा. वेदनाशामक सुई देऊन पळवलेला घोडा तर आपले मोडू पाहणारे हाडही ओळखू शकत नाही. वहीत प्रत्येक सुईची तारीख, औषध आणि देणाऱ्याची सही असावी, आणि जिंकलेल्या घोड्याचे रक्त-मूत्र बक्षिसाआधी घेतले जावे.

मैदानावर व्हायचे ते असे. सकाळी वही पाहावी. सहा आठवड्यांत वजन विसाव्या हिश्श्याहून जास्त उतरले असेल किंवा मागची शर्यत ७२ तासांच्या आत झाली असेल तर घोडा उतरवू नये. फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करावी. १५० च्या पुढे गेली की घामाने अंग गार होणे अवघड होते, १८० च्या पुढे शर्यत रद्दच. जूनमध्ये ९५ अंश आणि ६० टक्के म्हणजे १५५. सकाळी आठच्या आत उरकावे. एका घोड्याला दिवसात एकच धाव. धावेनंतर घोडा सावलीत न्यावा, पाणी ओतावे, चालता ठेवावा. छोट्या शर्यतीत घोडा पूर्ण ताकद लावतो, म्हणून एन्ड्युरन्सपेक्षा थोडी अधिक सूट देऊन ३० व्या मिनिटाला ठोके ६४ च्या आत आणि तापमान ३९.५ च्या खाली, एवढी अट ठेवावी. तपासणाऱ्यांची चणचण असेल तर शिरवळ आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतले शेवटच्या वर्षांचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. तोवर रेषेवर कोण आधी पोचले ते टिपून ठेवावे, आणि निकाल ध्वनिक्षेपकावरून अर्ध्या तासानंतरच जाहीर करावा.